भोक न पाडलेला कॅन

रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबला आणि उजाडताच कडक ऊन पडलं. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या त्या चार मजली बिल्डिंगच्या जिन्याला घाम फुटला. श्रावण सरत आला की हवा अशीच होते. शर्ट अंगाला चिकटतो, डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं आणि मोरीच्या जाळीतून झुरळांच्या मिशा बाहेर डोकावतात. राजरत्नला कॅलेंडर बघायची गरज नसे. जिन्यात उलथं पडून पाय झाडणारं झुरळ दिसलं की तो ओळखायचा, गणपतीचा सीझन लागला.

त्या दिवशी पहिलं काम डोंबिवलीला होतं. दारात बसून तो पंपाचं नोझल सुईने साफ करत होता. नोझलमध्ये कचरा अडकला की फवारा तिरका जातो आणि घरची बाई म्हणते, भाऊ, हा कोपरा राहिला. झुरळं मारायच्या जेलच्या सिरिंज, टॉर्च, मास्क, हातमोजे सगळं पुढ्यात मांडलेलं. बायको प्रियांका ठाण्याला एका दुकानात कामाला होती, ती सकाळीच निघून गेलेली. आई, कांताबाई, आत भाकऱ्या थापत होती.

पेस्ट कंट्रोलवाल्याचं वर्ष जगापेक्षा निराळं असतं. मे महिना ढेकणांचा, कारण सुटीत पाहुणे येतात आणि माळ्यावरच्या गाद्या खाली उतरतात. पावसाच्या तोंडाला वाळवी. एखाद्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे नाचले की दुसऱ्या दिवशी ऑफिसचा फोन खाली ठेवता येत नाही. गणपतीच्या आधी झुरळं, दिवाळीच्या साफसफाईत उंदीर. मग थंडी पडते, माणसं किड्यांना विसरतात आणि ऑफिस राजरत्नसारख्यांना विसरतं.

तो वाढला कल्याणजवळच्या मोहन्याला. बाप धोंडिबा कंपनीत कामगार. कंपनीला कुलूप लागलं तेव्हा राजरत्न नुकता बारावीला बसलेला. बाप ओट्यावर बसून राहू लागला, कंपनीच्या भोंग्याच्या वेळेला उगाच उठून चपला घालायचा आणि पुन्हा काढायचा. तेव्हा एका मित्राने राजरत्नला ठाण्यात माजिवड्याला पेस्ट कंट्रोलच्या ऑफिसात नेलं. म्हणाला, गणपतीपुरतं काम आहे, चल. गणपतीपुरता लागला तो लागलाच. बाप गेला, लग्न झालं, दिव्याला खोली घेतली, आई मोहन्याहून इकडे आली. पंप तोच, खांदा तोच.

या धंद्यात त्याने एक गोष्ट कधी चुकवली नव्हती. औषधाचा कॅन रिकामा झाला की तिथल्या तिथे स्क्रूड्रायव्हरने त्याला भोकं पाडायची. भोकं पाडलेला कॅनच पिशवीत घालून ऑफिसला न्यायचा. वाटेत दिव्यात त्या पिशवीकडे लोक असे बघायचे की जणू हा माणूस अन्न पायदळी तुडवतोय. इथे टँकर कधी येईल त्याचा नेम नाही, आला की ज्याच्या घरी भांडी जास्त तो राजा. पाच लिटरचा जाड, घट्ट झाकणाचा पांढरा कॅन म्हणजे दागिनाच. जिच्या भातशेतावर ही बिल्डिंग उभी राहिली ती गोदामावशी तळमजल्यावर राहायची. ती तर तोंडावर बोलायची, "काय रं राजा, इथं लोकांना पानी ठेवाला टोप नाय न् तू चांगला कॅन भोसकतंस? हात कसा धजतो रं तुझा?"

"मावशी, विष असतं त्यात."

"धुवाचा मंग! आमी काय बिनधुता वापरनार?"

तो हसायचा आणि पुढे जायचा.

फक्त एकदा राहिलं. मागच्या आठवड्यात कल्याणला वाळवीचं काम होतं. मखरवाले दारात येऊन उभे राहिले तशी घरमालकाने घाई केली, आणि थोडं औषध कॅनमध्ये उरलं. माल घरी न्यायचा नाही हा ऑफिसचा नियम. पण ऑफिस माजिवड्याला, एका टोकाला, आणि वर पाऊस. अशा वेळी सगळेच नेतात. राजरत्ननेही नेला. दुसऱ्या सकाळी उरलेलं औषध पंपात ओतलं, तेवढ्यात पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन आला, कुठे आहात, कधी येताय. स्क्रूड्रायव्हर पिशवीच्या तळाला. संध्याकाळी बघू म्हणून त्याने रिकामा कॅन पोत्यात गुंडाळून माळ्यावर सारला. ती संध्याकाळ आठवडाभर आली नाही. गणपतीचा सीझन होता.

आज ऑफिसवरून जायचं होतं, म्हणून स्टुलावर चढून त्याने माळ्यावर हात घातला. हाताला नुसतं पोतं लागलं.

"आई, इथला कॅन कुठेय?"

"कंचा?"

"पांढरा. पोत्यात होता."

"त्यो व्हय." कांताबाईने भाकरी उलटली. "दिला म्या."

"दिला? कोणाला?"

"तिसऱ्या मजल्यावर नवी पोरगी आलीय न्हवं, पायल. टँकरच्या लायनीत लेकरू काखंला घिऊन एका बादलीवर उभी ऱ्हाती. लोकं ढकलत्यात तिला. म्हणलं, आपल्याकडं पडून हाय, दिऊन टाकू."

राजरत्न स्टुलावरून उतरला. "आई, वाळवीचं औषध होतं त्यात."

"हुतं. आता न्हाई. राखंनं घासला, चिंच लावली, गच्चीवर उन्हात उलथा ठिवला. त्यो कागद सुदीक नखानं खरवडला. मंगच दिला. म्या काय येडी हाय का तसाच द्याया?"

"उन्हाने वास जातो गं, औषध नाय जात! प्लास्टिक पितं ते!"

"ओरडू नगंस. मोहन्याला तुज्या बापानं भंगारवाल्याकडनं पिंपं आणली, त्यात काय अत्तर हुतं? धुतली न् भरली. त्येच पानी पिऊन तू एवढा झालास."

हे खरंच होतं. निळी पिंपं त्याला आठवत होती, आईने पोतेऱ्याने घासलेली, आतून लखलखीत. घासलेलं ते स्वच्छ, हा तिच्या जन्माचा हिशेब. आणि वर तिला ते दान वाटलं होतं. सध्या वर्षावासाचे महिने चाललेले, रोज दुपारी ती बुद्धविहारात ग्रंथ ऐकायला जायची. देण्याबद्दल जे जे ऐकलं ते तिने सरळ माळ्यावरून काढून दिलं होतं.

तो तसाच अनवाणी तिसऱ्या मजल्यावर धावला. पायलच्या दाराला कुलूप.

तळमजल्यावर गोदामावशी दारात वाल सोलत बसलेली. त्याचा चेहरा बघून तिने सूप बाजूला ठेवलं.

"पायलला शोधतंस? ती पोराला घेऊन दवाखान्यान गेली. रातभर ओकतंय पोर. सकाली तर मानच टाकलेली त्यानं. नवरा नाइट ड्युटीवर, एकटीच रिक्षान बसली बिचारी."

"कुठला दवाखाना?"

"सरकारी. दुसरा कुठला परवडतं?"

राजरत्न जिन्याच्या पायरीवर बसला. पावसाळ्यात दिव्यात पोरं ओकतातच. टँकरचं पाणी कुठून येतं कोणाला माहीत. घरोघरी जुलाब चाललेले. असेल तेच असेल. त्याने प्रियांकाला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. पाठीमागे दुकानाचं शटर वर जात होतं. "तू स्वतः जाऊन सांगणार?" ती म्हणाली. "आणि त्या पाण्याने नसेलच झालं तर? नोकरी जाईल. वर आईंना पोलिसांत ओढतील. या वयात."

"हां."

"आणि गप बसलास तर?"

तो पायरीवरून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.

"त्या डॉक्टरला कसं कळणार रे कशाचं औषध होतं ते?" ती हळू आवाजात म्हणाली. मग एकदम खेकसली, "बसलायस काय? जा ना! लेबल घेऊन जा!"

लेबल आईने खरवडलं होतं. पण प्रत्येक कामाआधी मालाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची सक्ती होती, आणि कल्याणच्या कामाचा फोटो अजून फोनमध्ये होता. विषाच्या खुणेचा पिवळा त्रिकोण, औषधाचं नाव, खाली बारीक अक्षरांत विषावरचा उतारा. फोटो मोठा करून बघत तो रिक्षात बसला. रिक्षावाला विचारत होता, कुठल्या गेटला सोडू. राजरत्नला कुठलंच गेट माहीत नव्हतं.

लहान मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन दोन पोरं. पायल भिंतीकडेच्या खाटेवर बसलेली, गाऊनवर ओढणी, केस सुटलेले. मांडीवर हर्षित. अजून बसायलाही न लागलेलं पोर, हाताला सलाइन लावलेलं. तोंडातून लाळ गळत होती, ती पायल ओढणीच्या टोकाने टिपत होती.

"दादा? तुम्ही इकडे?" तिला वाटलं, बिल्डिंगमधलं माणूस विचारपूस करायला आलंय. तिचे डोळे भरून आले.

त्याने ते भरलेले डोळे बघितले आणि क्षणभर त्याला खरंच वाटलं की नुसती विचारपूस करून परत जावं.

"पायल, आईने तुला कॅन दिलेला. त्यातलं पाणी कशाला वापरलं?"

"हर्षितलाच. मला अंगावरचं दूध पुरत नाही ना, पावडरचं बनवते. बादली उघडी असते, त्यात माशा पडतात. कॅनला झाकण होतं." ती अभिमानाने सांगत असल्यासारखी बोलत होती. "तुमच्या आईच बोलल्या, लेकराचं पाणी यात ठेव, आपण मोठी माणसं कसलंही पिऊ. आम्ही दोघांनी त्यातला एक घोट नाही घेतला."

बिल्डिंगमधलं सगळ्यात चांगलं भांडं, म्हणून त्यातलं पाणी पोराला.

राजरत्न डॉक्टरांच्या टेबलाकडे गेला. तरुण बाई होत्या, दोन दिवसांच्या जागरणाने तोंड उतरलेलं. "नातेवाईक असाल तर बाहेर थांबा," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"मॅडम, मी पेस्ट कंट्रोलवाला आहे. भिंतीकडच्या खाटेवरचं बाळ. त्याचं दूध ज्या पाण्यातलं होतं ते ह्याच्या रिकाम्या कॅनमध्ये भरलेलं." त्याने फोन पुढे धरला. "कॅन माझ्या घरातला."

बाईंनी फोटो बघितला आणि खुर्ची मागे ढकलून उठल्या. हर्षितच्या पापण्या उघडून टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "सिस्टर!" त्या ओरडल्या, आणि मग वॉर्डात जे धावणं सुरू झालं त्यात राजरत्न भिंतीला चिकटून उभा राहिला. पोराचे कपडे काढले, अंग पुसलं, इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने पुन्हा दिलं. पायल काही न कळून एकदा डॉक्टरकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग तिला कळलं. तिने राजरत्नवरून तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

"आम्ही जुलाब-उलटीवरच चाललो होतो," डॉक्टरबाई नंतर हात धूत म्हणाल्या. "वेळेवर सांगितलंत. पण पुढचं रात्रीपर्यंत काही सांगता येणार नाही. आणि ही पोलीस केस होते. मला कळवावं लागेल."

"कळवा," राजरत्न म्हणाला.

पायलचा नवरा सिद्धेश ड्युटीवरून तडक आला. सिक्युरिटीचा गणवेश अंगावरच, टोपी खिशात कोंबलेली. त्याने पायलच्या तोंडून ऐकलं आणि व्हरांड्यात येऊन राजरत्नची कॉलर धरली. "साल्या, दुसऱ्यांची झुरळं मारतोस आणि विष आमच्या घरात पाठवतोस?" दोघं-तिघं मध्ये पडले. राजरत्नने हात वर केले नाहीत. कॉलर सुटली तेव्हा शर्टाचं वरचं बटण तुटून कुठेतरी घरंगळलं होतं. त्यानंतर दोघंही एकाच बाकड्याच्या दोन टोकांना बसून राहिले, कारण वॉर्डाबाहेर बाकडं एकच होतं.

दुपारी हवालदार बिल्डिंगमध्ये आला. पायलच्या खोलीतून कॅन ताब्यात घेऊन पिशवीत बांधला आणि राजरत्नच्या दारात खुर्ची टाकून बसला. जिन्यात माणसं गोळा झाली. दवाखान्यातून त्याच्यामागोमाग बोलावून आणलेला राजरत्न उंबऱ्यात उभा होता.

"कॅन कोणी दिला?"

"म्या दिला," कांताबाई म्हणाली.

"घरात मी आणून ठेवलेला, साहेब. भोक मी पाडलं नाय. तिला माहीत नव्हतं—"

"मला म्हाईत हुतं! औषधाचा हाय हे म्हाईत हुतं. धुतला न् दिला. लेकराचं पानी त्यात ठिव, हेबी म्याच बोलले तिला. त्याचं नाव लिवू नका. त्यो समद्यांना भोकं पाडतो, इच्यारा ह्यांना."

"आई, तू गप बस!"

"दोघं एकदम नका बोलू," हवालदार वैतागला. "अहो, लोक इथे एकमेकांवर ढकलतात. तुमचं काय भलतंच! एकेकाने सांगा."

जिन्यातलं कोणीतरी फिस्सकन हसलं. कांताबाईने तिकडे बघितलं आणि तो आवाज तिथेच विरला. तिचं तोंड पिठासारखं पांढरं पडलं होतं. सकाळची भाकरी तव्यावरच जळून काळी पडलेली, ती अजून कोणी उचलली नव्हती.

संध्याकाळी हर्षितने डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी रडला, आणि वॉर्डात पहिल्यांदा कोणाला तरी पोराच्या रडण्याने बरं वाटलं. आठवडा संपायच्या आत पायल त्याला घरी घेऊन आली. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, बघत राहा, तपासायला आणत राहा, पुढे काही त्रास होईल न होईल, आत्ताच लिहून देता येत नाही.

कांताबाई विहारात जायची थांबली. कोणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायची. टँकर आला की मात्र लायनीत उभी राहायची, कारण प्रियांका आणि राजरत्न दोघंही कामावर. एकदा पायलची बादली नेमकी तिच्या मागे आली. कांताबाईने आपली कळशी बाजूला घेतली आणि पाइप तिच्यापुढे धरला. पायलने पाइप घेतला, बादली भरली, पाइप खाली ठेवला आणि गेली. बिल्डिंगमधल्या बायका येता-जाता कांताबाईकडे टेकायच्या, पाणी प्यायच्या, ते बंद झालं. गोदामावशी तेवढी यायची. ती चहा प्यायची, पण कपात एकदा डोकावून मगच तोंडाला लावायची. ते तिच्या लक्षातही येत नसे. कांताबाईच्या यायचं.

"म्या मारलं असतं रे त्याला," ती एकदा राजरत्नला जेवताना म्हणाली.

"मारलं नाय ना?"

"तू सांगितलंस म्हणून."

"मी आणला म्हणून झालं ते," तो म्हणाला. दोघं पुढे जेवत राहिले. ताटात टाकायची सवय त्या घरात नव्हती.

ऑफिसात सलिल नावाचा सुपरवायझर होता, वयाने राजरत्नपेक्षा लहान. पोलिसांचा फोन त्यालाही आलेला. दवाखान्याच्या दुसऱ्याच दिवशी राजरत्न समोर उभा राहिला तेव्हा तो कॉम्प्युटरकडे बघतच बोलला.

"घरी माल नेलास. नियम माहितीये तुला."

"हो."

"सगळे नेतात, हे मला सांगू नको."

"नाय सांगत."

सलिलने डोळे चोळले. फोन वाजत होता, तो त्याने टेबलावर पालथा घातला. "दुसरी कुठली वेळ असती तर आजच आय-कार्ड ठेवून घेतलं असतं. पण माझ्याकडे माणसं नाहीत. लोक मखरं मांडून बसलेत. गणपती होईपर्यंत ये. मग साहेब काय म्हणतात ते बघू."

"मग काय म्हणतील?"

"तुला माहितीये ना?"

राजरत्नला माहीत होतं. गणपतीपुरता लागलेला माणूस पुन्हा गणपतीपुरता झाला होता. पोलीस केसचं काय होणार, ते ना सलिलला सांगता येत होतं, ना हवालदाराला. बोलावलं की यायचं, इतकंच.

डोंबिवलीचं त्या दिवशी राहिलेलं काम त्यानंतर दोन दिवसांनी लागलं. बाहेर पुन्हा ढग भरलेले, वारा पडलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हॉलभर थर्माकोल, रंगीत कागद आणि लाइटच्या माळा पसरलेल्या. दार उघडणाऱ्या बाईंनी त्याला ओळखलं नाही. गणवेश ओळखला.

"त्या दिवशी मी सुट्टी घेऊन थांबले होते! फोन नाही, काही नाही."

"शेजारी आजारपण होतं, ताई."

"बरं बरं. आता नीट करा. झुरळ एकसुद्धा दिसायला नको, सासूबाई नाशिकहून येताहेत. आणि हे बघा, ते उंदरांचे चिकट कागद वगैरे आत्ता नको हं. गणपतीत उंदीर मारायचा नाही आमच्यात. विसर्जनानंतर या त्याला."

"विसर्जनानंतर दुसरं कोणीतरी येईल, ताई."

"कोणी का येईना," त्या म्हणाल्या आणि माळ सोडवायला वळल्या.

राजरत्नने मोजे चढवले. स्वयंपाकघरात जाऊन सिंकखाली गुडघे टेकले, ट्रॉलीचा खालचा खण अलगद उचलून बाहेर काढला आणि बिजागरीच्या फटीत टॉर्च मारला. आत झुरळं एकमेकांवर चढून दाटीवाटीने बसलेली होती. त्याने सिरिंज उघडली, आणि बिजागरीमागे जेलचा एक ठिपका ठेवून पुढची फट शोधू लागला.